त्वचेवरच्या सेन्सरसाठी स्वतः सांधणारं जेल: आधी बंधाचं आयुष्य मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल म्हणजे पीव्हीए आणि बोरॅक्स यांचं जेल केलंत, त्यात मीठ घातलंत. ब्लेडने कापून तुकडे एकमेकांना लावले की मिनिटभरात सांधतात आणि जेलमधून जोडलेला एलईडी पुन्हा पेटतो. पण तीच पट्टी बोटाच्या सांध्यावर लावून मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजला, तर बोट न हलवताही आकडा चढत राहतो. बोट सरळ केल्यावर तो मूळ जागी येत नाही. दुपारपर्यंत पट्टीच्या कडा सुकून उचलल्या जातात. सुकू नये म्हणून ग्लिसरीन घातलंत, तर जेल ढिलं पडलं. आता सांधण्यासाठी दुसरी कुठली केमिस्ट्री घ्यावी, असं तुम्ही विचारलं आहे.

केमिस्ट्री बदलावी लागेल, पण ती नंतर. चार तक्रारींपैकी एक मीटरमुळे आहे, एक पुण्याच्या हवेमुळे आहे, आणि उरलेल्या दोन ज्या गुणासाठी तुम्ही हे जेल निवडलंत त्यातूनच येतात. जो बंध सुटून पुन्हा जुळतो म्हणून कापलेलं जेल सांधतं, तोच बंध सुटतो म्हणून ताणलेलं जेल वाहतं. सांधण्याचा वेग वाढवत नेलात तर आकड्याचं भटकणंही वाढत जाणार. म्हणून आणखी चांगलं सांधणारं जेल शोधण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवा: बंधाचं आयुष्य किती, आणि तुम्ही मोजताय ती हालचाल किती सेकंदांची. पॉलिमर जेल आणि त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या यांच्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. प्रोजेक्टची मुलं बहुतेक वेळा इथेच अडतात.

मीटरचं आधी उरकतो. जेलमध्ये वीज आयन वाहून नेतात. मल्टीमीटर ओहमच्या रेंजवर एकाच दिशेने प्रवाह सोडतो. आयन तारेपाशी जाऊन साचतात, तिथे विरोधी व्होल्टेज उभं राहतं आणि मीटर त्याला वाढलेला रेझिस्टन्स समजतो. चढणारा आकडा मुख्यतः हा आहे. त्यात तुम्ही साधी तांब्याची तार खुपसली असेल तर क्लोराइडमुळे ती झिजते. एक-दोन दिवसांनी तारेभोवतीचं जेल निळसर हिरवं दिसायला लागतं. तसं दिसलं की तो नमुना फेकून द्या, त्यावरचं एकही रीडिंग वापरू नका. कॉलेजात एलसीआर मीटर, म्हणजे उलटसुलट प्रवाहावर मोजणारा मीटर, असेल तर एक किलोहर्ट्झवर, शंभर-दोनशे मिलिव्होल्टच्या आत ठेवून मोजा. नसेल तर ईएसपी-३२ किंवा आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाच्या दोन पिना आळीपाळीने उलटसुलट करा, मालिकेत एक माहितीचा रेझिस्टर लावा आणि दोन्ही दिशांच्या रीडिंगची सरासरी घ्या. तारेच्या जागी चांदीची तार घ्या. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ती अर्धा तास बुडवली की तिच्यावर करडा-जांभळट थर येतो. तो सिल्व्हर क्लोराइड. याच जोडीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड चालतात, कारण तिथे आयनांचा प्रवाह इलेक्ट्रॉनच्या प्रवाहात बदलताना फारसा अडत नाही.

आता सेन्सरची संवेदनशीलता. शोधनिबंधांत गेज फॅक्टरचे, म्हणजे ताणाच्या किती पट रेझिस्टन्स बदलतो त्याचे, आकडे मोठ्या अभिमानाने दिलेले असतात. जेल ताणलं की लांबी वाढते, पण आतलं पाणी दबत नाही, त्यामुळे छेद त्याच प्रमाणात लहान होतो. म्हणजे रेझिस्टन्स लांबीच्या पटीच्या वर्गाने वाढतो. बोटाच्या सांध्यावर त्वचा तीस टक्के ताणली गेली असं धरलं तर १.३ चा वर्ग १.६९, म्हणजे रेझिस्टन्स ६९ टक्क्यांनी वाढायला हवा. लहान ताणाला हा गेज फॅक्टर दोन येतो, शंभर टक्के ताणाला तीन. आयनांवर चालणाऱ्या कुठल्याही एकसंध जेलला हे लागू आहे, आत बोरॅक्स असो की आणखी काही. तेव्हा तुमचं उत्तर दोनच्या आसपास आलं तर जेल नीट वागतंय एवढंच त्यातून कळतं. त्याहून बरंच जास्त आलं तर आनंद मानण्याआधी टोकांच्या पकडीपाशी जेल फाटतंय का ते भिंगाखाली बघा.

तापमानाकडे फार कमी मुलांचं लक्ष जातं. पाण्यातल्या मिठाची वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. चोवीस अंशांच्या एसी खोलीतली पट्टी तेहतीस अंशांच्या त्वचेवर ठेवली की काहीही न ताणता रेझिस्टन्स पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरतो. हा बदल सात टक्के ताणाएवढा आहे! मनगटावरची नाडी यापेक्षा कितीतरी कमी ताण देते. उपाय सोपा आहे. त्याच जेलचा तितकाच तुकडा शेजारी, न ताणल्या जाणाऱ्या जागी लावा आणि दोघांतला फरक मोजा. बोटावर मधल्या पेराच्या हाडावर ही जागा मिळते.

आता मूळ मुद्दा. बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, पाण्यात विरघळल्यावर बोरेट आयन देतो, आणि एक बोरेट पीव्हीएच्या दोन साखळ्यांवरचे हायड्रॉक्सिल गट धरून ठेवतो. ही पकड कायमची नसते. मंगळागौरीच्या फेरात हात सुटतात आणि लगेच शेजारचा दुसरा हात धरला जातो, तसं इथे सतत चालू असतं. पीव्हीए-बोरॅक्स जेलमध्ये एका पकडीचं आयुष्य, प्रमाण आणि तापमानानुसार, सेकंदाच्या आगेमागे येतं. म्हणून झटकन ओढलं तर ते रबरासारखं तुटतं आणि टेबलावर ठेवलं तर पसरत जातं. रिओमीटर म्हणजे पदार्थ किती ताठ राहतो आणि किती वाहतो ते मोजणारं यंत्र. त्यावर साठवण गुणांक (स्प्रिंगसारखा ताठपणा) आणि व्यय गुणांक (वाहण्यात जाणारा भाग) ज्या वारंवारतेला एकमेकांना छेदतात, तिच्यावरून हे आयुष्य काढता येतं. रिओमीटरला वेळ मिळेपर्यंत एक साधी चाचणी करा. जेलचा सुपारीएवढा गोळा काचेवर ठेवा, वर वाटी पालथी घाला म्हणजे सुकणार नाही, आणि त्याची उंची निम्मी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. दोन कृतींची तुलना करायला एवढं पुरतं.

बोट वाकवून तुम्ही मिनिटभर धरता. तेवढ्या वेळात तुमच्या जेलमधल्या पकडी पुनःपुन्हा सुटून नव्या जागी बसलेल्या असतात. जेलच्या दृष्टीने आता ती वाकलेली लांबी हीच त्याची मूळ लांबी. बोट सरळ झालं की जास्तीची लांबी कुठेतरी जायला हवी, म्हणून पट्टीला सुरकुती पडते किंवा ती मधून उचलली जाते, आणि आकडा परत येत नाही. पट्टी त्वचेला सगळीकडून घट्ट चिकटलेली असेल तर त्वचा तिला मागे खेचून आणते आणि भटकणं बरंच कमी होतं. म्हणजे तुमची तिसरी तक्रार, कडा उचलल्या जाण्याची, दुसऱ्या तक्रारीत भर घालते आहे. श्वास तीन ते पाच सेकंदांचा, नाडी सेकंदाची, बोटाचं वाकणं कितीही वेळाचं. सेकंदभर टिकणाऱ्या बंधावर बोटाचा कोन मोजायला घेणं ही निवडच कठीण आहे.

यावर एक मार्ग म्हणजे जेलला दुसरा, न वाहणारा सांगाडा देणं. पूर्ण हायड्रोलाइझ झालेलं पीव्हीए, ९८-९९ टक्क्यांचं, दहा टक्के प्रमाणात नव्वद अंशांना विरघळवा. साच्यात ओतून उणे वीस अंशांना रात्रभर गोठवा, सकाळी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. असं तीनदा केलं की साखळ्यांचे बारीक स्फटिक तयार होतात आणि तेच गाठींचं काम करतात. मग ते बोरॅक्सच्या पातळ द्रावणात भिजवा. (यासाठी प्रयोगशाळेचाच फ्रीझर वापरा, खाण्याचे पदार्थ ठेवलेला नको.) स्फटिक जेलला मूळ लांबीवर परत आणतात, बोरेट सांधण्याचं काम करतो. किंमत अशी की स्फटिक खोलीच्या तापमानाला सहज पुन्हा बनत नाहीत, त्यामुळे कापलेली जागा पूर्वीइतकी मजबूत होत नाही. मला हा सौदा मान्य आहे, कारण हातावरचा सेन्सर कुणी ब्लेडने कापत नाही.

हाच पेच मोठ्या कामांतही दिसतो. हार्वर्डमधल्या झिगांग सुओ यांच्या गटाने २०१२ साली 'नेचर'मध्ये अल्जिनेट आणि पॉलिअॅक्रिलमाइडचं जेल दाखवलं. त्यात बहुतांश पाणी, तरी ते मूळ लांबीच्या वीस पटींहून जास्त ताणलं जायचं. त्यात कॅल्शियमचे बंध तुटून ऊर्जा शोषतात आणि पुन्हा जुळतात. पण पहिल्या ताणासाठी लागलेल्या कामापैकी सुमारे तीन चतुर्थांश परत मिळवायला त्यांना ते जेल ऐंशी अंशांना एक दिवस ठेवावं लागलं. अवघड कामाला ते जेल उत्तम, पण त्वचेवर ऐंशी अंश देता येत नाहीत. बंध घट्ट केला की तो जुळायला वेळ घेतो.

दुसरं उदाहरण आपल्या गावाशी जोडलेलं आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि शायनी वर्गीस यांनी धातूच्या आयनांच्या मदतीने सांधणाऱ्या जेलवर काम केलं होतं, ते २००६ साली प्रसिद्ध झालं. पुढे वर्गीस कॅलिफोर्नियात गेल्या, आणि २०१२ साली याच मंडळींनी तिथल्या सहकाऱ्यांसोबत आम्लात काही सेकंदांत सांधणारं जेल अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मांडलं. त्यात साखळीला लटकणाऱ्या लवचीक फांद्या आहेत आणि फांदीच्या टोकाला कार्बॉक्सिल गट. आम्लात हे गट प्रोटॉन धरून ठेवतात आणि समोरच्या फांदीशी हायड्रोजन बंध जुळवतात. पीएच चढवला की प्रोटॉन निघून जातात, टोकं एकमेकांना दूर ढकलतात आणि सांधलेले तुकडे सुटतात. फांदीची लांबीही मोजून ठेवावी लागते. फार आखूड असली तर समोरच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही, फार लांब असली तर पाण्याला बुजून गोळा होते. हा निबंध तुम्ही मुळातून वाचाच. सांधण्याची रचना रेणूच्या पातळीवर कशी आखतात हे त्यात स्वच्छ दिसतं.

मी हे सांगण्याचं कारण पीएच. एनसीएलशी जोडलेलं ते जेल तीव्र आम्लात खूश, तुमचं बोरॅक्सचं अल्कलीत खूश, आणि त्वचा दोघांच्या मधे, पाचच्या आसपास. घामाचा पीएच साधारण साडेचार ते सात. बोरिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू बोरेट होतात तो आकडा, ९.२ आहे, म्हणजे पीएच पाचला दहा हजारांत एकही रेणू बोरेटच्या रूपात उरत नाही. संपूर्ण पट्टी विरघळणार नाही, कारण बोरॅक्स स्वतः चांगला बफर आहे, म्हणजे पीएच सहज बदलू देत नाही. पण त्वचेला टेकलेला पातळ थर मात्र बुळबुळीत होतो, आणि चिकटणं नेमकं त्या थरावर अवलंबून असतं. घामातलं लॅक्टेटही बोरेटला धरून नेतं. उलट बाजूने बघा, तर नऊ पीएचची पट्टी तासन्‌तास त्वचेवर राहते, आणि त्वचेला ते मानवत नाही.

ग्लिसरीनचं कोडंही इथेच सुटतं. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बोरिक आम्लाचं टायट्रेशन करताना आपण ग्लिसरीन किंवा मॅनिटॉल घालतो, आठवतंय? ग्लिसरीनचे हायड्रॉक्सिल गट बोरेटला धरतात म्हणून ते आम्ल तीव्र होतं आणि शेवटचा बिंदू स्पष्ट दिसतो. तुमच्या जेलमध्ये तेच घडलं. पीव्हीएला जोडायचे बोरेट ग्लिसरीनने पळवले आणि पीएचही उतरवला. सुकणं थांबवायला दुसऱ्या कुठल्याही जेलमध्ये मी ग्लिसरीनच सुचवेन, बोरेटच्या जेलमध्ये मात्र ते फार जपून.

एलईडीच्या प्रयोगाबद्दल स्पष्ट सांगतो. तो सांधण्याचा पुरावा म्हणून अहवालात घालू नका. दोन ओली जेलं नुसती टेकवली तरी आयन पलीकडे जातात आणि दिवा लागतो. वीज आधी जुळते, ताकद मागाहून येते, कारण ताकदीसाठी साखळ्यांनी सीमा ओलांडून एकमेकींत गुंतावं लागतं. ताज्या कापाला हे सोपं जातं. पॅरिसच्या लुडविक लाइबलर यांच्या गटाने २००८ साली सांधणारं रबर दाखवलं, त्यातही हेच दिसलं: कापलेल्या बाजू वेगळ्या ठेवून जितका वेळ जाईल तितकं सांधणं कमी, कारण मोकळी टोकं आपल्याच बाजूच्या टोकांशी जुळून जातात. तुमच्या मोजमापात हा वेळ लिहिलेला असायला हवा.

मी मोजमाप असं करेन. पट्टी कापण्याआधी वीस टक्के ताणाच्या दहा फेऱ्या द्या, मूळ रेषा आणि चढउतार नोंदवा. मग कापा, जोडा, ठरलेला वेळ थांबा आणि त्याच दहा फेऱ्या पुन्हा. मूळ रेषा किती सरकली, चढउतार किती राहिला, आणि शेवटी तोडेपर्यंत ताणलं तर किती टक्क्यांना तुटलं, हे तीन आकडे कापण्याआधीच्या आकड्यांच्या प्रमाणात द्या. तापमान आणि आर्द्रता सोबत लिहा. कापून दहा मिनिटं वेगळ्या ठेवलेल्या बाजूंचाही एक संच घ्या. सेन्सरसाठी पहिले दोन आकडे तिसऱ्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. जोड कितीही बळकट असला आणि मूळ रेषा वीस टक्के सरकली, तर तो सेन्सर म्हणून पुन्हा सगळं कॅलिब्रेशन मागणार.

त्वचेवरच्या पट्ट्या प्रत्यक्षात कशाने जातात? कडा सुकून उचलतात, धातू आणि जेल यांचा सांधा सुटतो, केस आणि घाम मधे येतात, वारंवार वाकण्याने बारीक चिरा पडतात. सांधणं यातल्या शेवटच्या एकाच त्रासावर चालतं. तरी मी सांधणाऱ्या जेलच्या बाजूचा आहे, दोन कारणांनी. एक म्हणजे मऊ, थोडं वाहणारं जेल त्वचेच्या रेषांमध्ये उतरतं, कडक पट्टीच्या खाली हवेचे कप्पे राहतात ते इथे राहत नाहीत. दुसरं, अशा जेलचे थर गोंदाशिवाय एकमेकांना जोडता येतात: खाली त्वचेला सोसेल असा थर, वर जास्त मीठ असलेला, त्याच्या कडेला घट्ट पकडीचा. उत्पादनाच्या दृष्टीने मला सांधण्याचा हा उपयोग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याच्याकडे फार कमी लोक बघतात.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. ताणच मोजायचा असेल तर जेल त्वचेला लावायची गरजच नाही. जखमेवर लावतात त्या पारदर्शक पॉलियुरेथेनच्या पातळ पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. अशा दोन थरांत जेल बंद करा, कडा एक सेंटिमीटर मोकळ्या ठेवून एकमेकांना चिकटवा. घाम, पीएच आणि बोरॅक्सचा त्वचेशी संबंध हे तिन्ही प्रश्न यात मिटतात. सुकणं थांबत नाही पण बरंच मंदावतं, कारण या पट्ट्या वाफ थोडी जाऊ देतात. स्फटिकांचा सांगाडा असलेलं पीव्हीए-बोरॅक्स इथे चालेल, आणि तुमचं आत्तापर्यंतचं काम वाया जाणार नाही.

पण मला विचाराल तर दुसरी वाट धरा: ताण सोडा, ईसीजीचा इलेक्ट्रोड करा. जेल हळूहळू वाहतं, मूळ रेषा सरकते, हा ताणाच्या सेन्सरमधला मोठा दोष ईसीजीत फारसा जाणवत नाही. मॉनिटरवर बघायच्या ईसीजीत अर्ध्या हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकतात, आणि हृदयाचा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा असला तरी तो त्याहून जलद आहे. शिवाय त्वचेच्या रेषांत उतरण्याचा गुण इथे थेट कामी येतो, कारण संपर्क जितका सलग तितका अडथळा कमी. ईसीजीचा सिग्नल वाढवणाऱ्या एडी-८२३२ चिपचं तयार मॉड्यूल बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी केली तर मिळून जाईल. ती चिप इलेक्ट्रोडचं तीनशे मिलिव्होल्टपर्यंतचं स्थिर व्होल्टेज सहन करते. मोजताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, सर्व काही बॅटरीवर. हे सुरक्षिततेसाठी आहे, आणि पन्नास हर्ट्झची गुणगुणही त्याने कमी होते.

इथे मात्र जेल त्वचेला टेकणारच, म्हणून बोरॅक्स सोडायचा. लोहाच्या आयनांवर सांधणारी पॉलिअॅक्रिलिक आम्लाची जेलं तुम्हाला वाचनात भेटतील. ती त्वचेच्या पीएचला चालतात, पण फेरिक आयन क्लोराइडच्या सोबतीने चांदी खातो, म्हणजे खालचा इलेक्ट्रोडच बिघडतो, आणि काही जेलं उजेडात मऊ पडतात. मी अॅल्युमिनियम घेईन. तापात मुलांच्या कपाळावर लावायच्या थंड पट्ट्या बघितल्या असतील. त्यातल्या पुष्कळशा याच कुळातल्या: सोडियम पॉलिअॅक्रिलेट, ग्लिसरीन, टार्टारिक आम्ल आणि अॅल्युमिनियम ग्लायसिनेट. कृती बघण्यासारखी आहे. पॉलिमर आणि अॅल्युमिनियम ग्लायसिनेट दोन्ही पावडरी आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यायच्या. तिथे त्या विरघळत नाहीत, फक्त ओल्या होतात, म्हणून गुठळी होत नाही. वेगळ्या भांड्यात पाणी, टार्टारिक आम्ल आणि मीठ. मग दोन्ही एकत्र करून लगेच पातळ फिल्मवर पसरायचं. आम्लात अॅल्युमिनियम हळूहळू सुटतं आणि कार्बॉक्सिलेट गटांना सावकाश जोडत जातं. पाकिटात बंद करून एक-दोन दिवस ठेवलं की सुरुवातीला बोटाला लागणारं चिकट मिश्रण सलग उचलता येणारी पट्टी होतं. अॅल्युमिनियमचं मीठ थेट पाण्यात विरघळवून ओतलंत तर जागच्या जागी पांढऱ्या गुठळ्या होतील. पॉलिमर पाच-सहा टक्के, ग्लिसरीन पंचवीस-तीस टक्के, शेवटचा पीएच पाचच्या जवळ, इथून सुरुवात करा. मीठ एका टक्क्याच्या आत ठेवा. जास्त झालं की भारित साखळ्या आक्रसतात आणि जेल पाणी सोडतं. अजिबात न घालणंही चूक, सिल्व्हर क्लोराइडला स्थिर राहायला क्लोराइड लागतं. सांधणं बोरॅक्सपेक्षा बरंच संथ, तासांच्या हिशेबात होईल. अॅल्युमिनियमचं प्रमाण खाली-वर केलंत की बंधांची संख्या बदलते, आणि तुमच्या प्रोजेक्टचा मुख्य आलेख तिथून मिळू शकतो.

चांदीचा इलेक्ट्रोड घरी बनवण्याऐवजी इथे बाजारातला ईसीजी इलेक्ट्रोड आणा, त्यातलं जेल खरवडून काढा आणि त्याच बटणावर आपलं जेल बसवा. तुलनेसाठी मूळ इलेक्ट्रोड तसाच ठेवा. अशा इलेक्ट्रोडसाठी एएएमआय या अमेरिकेतल्या वैद्यकीय उपकरणांच्या संस्थेचं ईसी-१२ हे मानक आहे. दोन इलेक्ट्रोड जेलला जेल टेकवून दहा हर्ट्झवरचा अडथळा सरासरी दोन किलोओहमच्या आत आणि स्थिर व्होल्टेज शंभर मिलिव्होल्टच्या आत हवं, असं ते सांगतं. ही चाचणी माणसाला हातही न लावता टेबलावर होते, आणि परीक्षकाला एलईडीपेक्षा कितीतरी पटेल.

सुकण्याचा प्रश्न पुण्यात दोन टोकांचा आहे. एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की साधं जेल डोळ्यांदेखत आक्रसतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच ग्लिसरीनवालं जेल हवेतलं पाणी ओढून फुगतं आणि घसरतं. दोन्ही ऋतू वर्षभर प्रयोगशाळेत ठेवता येतात. घट्ट झाकणाच्या एका डब्यात तळाला मॅग्नेशियम क्लोराइडचा ओलसर लगदा ठेवा, आतली आर्द्रता तेहतीस टक्क्यांवर स्थिरावते. दुसऱ्यात साध्या मिठाचा, तिथे पंचाहत्तर टक्के. जाळीवर जेल ठेवा, वजन आणि रेझिस्टन्स तासातासाला घ्या. दोन्ही डब्यांत वजन कुठे थांबतं ते बघून ग्लिसरीन ठरवा. काही निबंधांत यासाठी लिथियम क्लोराइड वापरलेलं दिसेल. ते पाणी फार जोरात धरून ठेवतं, पण त्वचेला टेकणाऱ्या थरात मी ते घालणार नाही.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. अॅक्रिलमाइड मज्जासंस्थेला विषारी आहे, आणि पॉलिमर झाल्यावरही उरलेला मोनोमर, म्हणजे साखळीत न जोडला गेलेला सुटा रेणू, जेलमध्ये राहतो. धुवून काढल्याचं मोजून दाखवता येत नसेल तर ते जेल त्वचेवर लावू नका. सुरुवातीसाठी वापरलं जाणारं अमोनियम परसल्फेट अॅलर्जी आणतं, केस ब्लीच करणाऱ्या व्यावसायिकांमध्ये त्याचा दमा ओळखीचा आहे. बोरॅक्सला युरोपात प्रजननक्षमतेला घातक पदार्थांत धरतात. म्हणूनच तयार पॉलिमरपासून सुरुवात करायला सांगितलं. मित्रांच्या हातावर लावून बघण्याआधीही कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी आणि लेखी संमती घ्या, प्रोजेक्ट कितीही लहान असला तरी. पेशींवरची चाचणी आयएसओ १०९९३, म्हणजे वैद्यकीय उपकरणं शरीराला सोसतात का ते तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याच्या पाचव्या भागानुसार होते, त्वचेच्या जळजळीची तेविसाव्या आणि अॅलर्जीची दहाव्या भागानुसार. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथे पेशींचा संग्रह आहे. गाइडमार्फत विचारणा करा. पुढे कधी हे विकायचा विचार आला तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतील.

रिओमीटरसाठी एनसीएल किंवा विद्यापीठात अर्ज आत्ताच टाकून ठेवा, नंबर लागायला वेळ जातो. तोपर्यंत काचेवरचा गोळा, दोन डबे आणि जेलला जेल ही तीन कामं उरकतील. अॅल्युमिनियमच्या तीन प्रमाणांवर ती करा आणि आकडे पाठवा, मग ग्लिसरीन कुठे ठेवायचं ते बघू.